‘मत्स्यगंधा’ नुसतं गाऊ नका, उभं करा : नाशिकच्या नाट्यसंस्थांना खुलं पत्र

प्रति,
नाशिकमधल्या हौशी नाट्यसंस्था, महाविद्यालयांची नाट्यमंडळं आणि संगीत विद्यालयं

सप्रेम नमस्कार.

२१ सप्टेंबर २०२९ हा पं. जितेंद्र अभिषेकी यांच्या जन्मशताब्दीचा दिवस. त्या सुमारास गावात नाट्यसंगीताच्या मैफली होतील, पाडवा पहाट त्यांच्या नावानं होईल, ‘सर्वात्मका सर्वेश्वरा’ने कार्यक्रम संपतील. यात वाईट काहीच नाही. पण अभिषेकीबुवांनी ही पदं मैफलीसाठी बांधलेली नव्हती. ती नाटकासाठी, एका विशिष्ट पात्राच्या तोंडी, एका विशिष्ट वाक्यानंतर येण्यासाठी बांधली होती. त्यातली निम्मी जादू त्या वाक्यात आणि त्या पात्रात आहे, आणि आपण ती वर्षानुवर्षं कापून बाजूला ठेवतो आहोत. म्हणून विनंती अशी की शताब्दीपर्यंत नाशिकने त्यांची दोन नाटकं संपूर्ण, सगळ्या पदांसह, जिवंत साथीवर उभी करावीत : वसंत कानेटकरांचं ‘मत्स्यगंधा’ आणि वि. वा. शिरवाडकरांचं ‘ययाति आणि देवयानी’.

नाशिकनेच का, हे सांगायला फार शब्द लागत नाहीत. कानेटकर इथल्या एच.पी.टी. महाविद्यालयात शिकवत होते आणि तात्यासाहेब शिरवाडकर तर नाशिकचेच. अभिषेकींच्या नाट्यसंगीताचा बहराचा काळ पाहा : ‘मत्स्यगंधा’ १९६४, ‘ययाति आणि देवयानी’ व ‘लेकुरे उदंड जाली’ १९६६, ‘कट्यार काळजात घुसली’ १९६७, ‘हे बंध रेशमाचे’ १९६८, ‘मीरा मधुरा’ १९७०. या सहांतली चार नाटकं नाशिकच्या दोन लेखकांच्या घरांत लिहिली गेली. संगीत देणारा गोव्याचा, नाटकं मुंबईत उभी राहिली, ‘मत्स्यगंधा’ आणि ‘ययाति’ धि गोवा हिंदू असोसिएशनने केली, हे सगळं खरं. पण शब्द गोदाकाठचे होते.

बुवांचं चरित्र इथे थोडक्यातच, जेवढं नाटकाशी लागू आहे तेवढं. जन्म १९२९, गोव्यातलं मंगेशी. घराण्याचं आडनाव नवाथे. मंगेशाच्या देवळात अभिषेकाचा मान, म्हणून अभिषेकी. वडील कीर्तनकार. ही गोष्ट आम्हांला गुरूंच्या यादीइतकीच महत्त्वाची वाटते, कारण कीर्तनात चाल आख्यानाला अडवत नाही. कीर्तनकार ओवी, साकी, पद घेतात, पण श्रोत्याचं लक्ष गोष्टीवरून हलू देत नाहीत. पुढे गिरिजाबाई केळेकर, जगन्नाथबुवा पुरोहित ‘गुणीदास’, अझमत हुसेन खाँ यांच्याकडे आग्रा घराण्याच्या वळणाची तालीम आणि गुलुभाई जसदनवालांकडून जयपूर घराण्याचे अनवट राग. मुंबई आकाशवाणीवर नोकरी, ‘श्यामरंग’ या नावाने बंदिशी, १९८८ साली पद्मश्री, १९८९ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, ७ नोव्हेंबर १९९८ ला पुण्यात निधन. इतका मोठा ख्यालगायक जेव्हा नाटकाला चाल देतो तेव्हा तो ख्याल आवरतो कसा, हे पाहायचं असेल तर पद नाटकात बघावं लागतं.

त्यांच्या आधीची पद्धत लक्षात घेतली की हा आवर जास्त कळतो. किर्लोस्करांनी १८८२ च्या ‘सौभद्रा’त शंभराहून अधिक पदं घातली, साक्या, दिंड्या, कीर्तनी आणि कानडी वळणाच्या चाली. १९११ च्या ‘मानापमाना’ला गोविंदराव टेंब्यांनी पूरबी ठुमरी-कजरीचा रंग दिला. १९१६ च्या ‘स्वयंवरा’त भास्करबुवा बखल्यांनी ख्यालाच्या बंदिशींवर पदं बेतली. प्रेक्षक रात्र रात्र बसत, बालगंधर्वांना वन्समोअर मिळत, साथीला थिरकवाखाँसारखा तबलजी असे. ती संपत्तीच होती. पण त्या रीतीत चाल आधी आणि शब्द नंतर असं पुष्कळदा व्हायचं, आणि नाटक गाण्याची वाट पाहत थांबायचं. बोलपटानंतर रात्रभराची नाटकं टिकली नाहीत. १९६० च्या ‘पंडितराज जगन्नाथ’ने आणि १९६३ च्या ‘मंदारमाला’ने संगीत नाटकाला पुन्हा श्वास दिला, आणि त्या मोकळ्या झालेल्या वाटेवर १९६४ साली अभिषेकी आले.

‘मत्स्यगंधा’तलं ‘गर्द सभोंती रान साजणी’ घ्या. हे शब्द बालकवींचे. बालकवी १९१८ साली गेले. म्हणजे कविता आधी आणि चाल शेहेचाळीस वर्षांनी, याबद्दल वादच नाही. कवितेचं वजन आधीच पक्कं, एक मात्रासुद्धा इकडची तिकडे करायची सोय नाही. अशा वेळी कमकुवत संगीतकार शब्दाच्या शेवटी तान जोडून आपलं अस्तित्व दाखवतो. इथे तसं काही नाही. यमुनेच्या काठावर वाढलेल्या कोळ्याच्या पोरीला शोभेल इतकीच स्वरांची झेप आहे, आणि अभिनेत्रीला नावेवर बसून, हालचाल करत, दम न लागता म्हणता येईल इतकेच लांब तुकडे. हे पद म्हणणाऱ्या आशालता वाबगावकर मुळात अभिनेत्री. ‘गुंतता हृदय हे’ म्हणणारे रामदास कामत तयार गळ्याचे गायक-नट. ‘गुंतता हृदय हे’ आणि ‘गर्द सभोंती’ एकापाठोपाठ ऐकलीत तर एकाच नाटकात दोन गळ्यांसाठी दोन वेगळी मापं कशी घेतली आहेत ते कळेल. पात्राच्या मापाने चाल बेतणं म्हणतात ते हे.

‘ययाति’मधलं ‘हे सुरांनो चंद्र व्हा’ चारुकेशीत आहे. कर्नाटक पद्धतीतून आलेला हा राग : रे, ग, म शुद्ध, ध आणि नी कोमल. म्हणजे पूर्वांग बिलावलसारखं उजळ आणि उत्तरांगात शिरलं की सावली. शब्दांत सुरांनाच चंद्र व्हायला सांगितलं आहे आणि रागातच अर्धा उजेड, अर्धा काळोख. मैफलीत हे पद बहुतेक वेळा पुरुष गातात, आणि ते चांगलंच गातात. पण शब्द वाचा, ते प्रियकराला निरोप पाठवणाऱ्या स्त्रीचे आहेत. नाटकात एक बाई कुणाला तरी काही पोचवू पाहते आहे हे दिसलं की त्या कोमल धैवताचं कारण समजतं. ‘सर्वात्मका सर्वेश्वरा’ भैरवीत आहे आणि ती प्रार्थना आहे. भैरवी शेवटी गायची या मैफलीच्या सवयीमुळे आपण तिच्यात बाराही स्वर ओततो, टाळ्यांसाठी तिहाया घेतो. प्रार्थना करणाऱ्याला टाळी नको असते.

‘कट्यार’ नाशिकचं नाही, पण अभिषेकी समजून घ्यायला त्यातलं एक उदाहरण लागतंच. ‘घेई छंद मकरंद’ या एकाच पदाच्या दोन चाली. एक धानीत : ग, नी कोमल, मोजके पाच स्वर, सरळ, प्रसन्न. दुसरी खाँसाहेबांची, म्हणजे नाटकातल्या प्रतिस्पर्धी गवयाची, सालगवराळीत : रे, ग कोमल, मध्यम वर्ज्य, धैवत शुद्ध, नी कोमल. गंधारावरून थेट पंचमावर उडी मारावी लागते आणि त्या उडीतच खाँसाहेबांचा ताठा आहे. शब्द तेच, घराणं वेगळं, माणूस वेगळा. कथानकातलं भांडण संगीतकाराने रागांच्या निवडीतच मांडून ठेवलं. हे पद सुटं गायलं की ऐकणाऱ्याला एक छान गाणं मिळतं, पण भांडण मिळत नाही.

आता कामाचं. या नाटकांना हात घालताना नाशिकच्या संस्थांची जिथे जिथे अडचण होते, ते सगळं आम्ही इथे लिहितो आहोत.

पहिल्यांदा परवानगी. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात, आणि ती वर्षं पुढच्या जानेवारीपासून मोजतात. त्यामुळे अभिषेकींच्या चालींचे हक्क २०५८ अखेर, शिरवाडकरांच्या संहितेचे २०५९ अखेरपर्यंत आणि कानेटकरांच्या संहितेचे त्याच्याही पुढे आहेत. संहितेची परवानगी घेतली म्हणजे चालींची मिळाली असं नाही; ती वेगळी मागावी लागते, आणि बालकवींचे शब्द मोकळे असले तरी त्यांची चाल मोकळी नाही. परवानगी लेखी घ्या, त्यात प्रयोगांची संख्या आणि तिकीट लावणार की नाही ते लिहून घ्या. रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र ज्या संहितेला आहे तीच करायची; कात्री लावणार असाल तर आधी लावा, तालमीच्या शेवटच्या आठवड्यात नाही.

मग पात्रनिवड, आणि इथेच बहुतेक प्रयोग फसतात. आधी उत्तम गाणारा शोधतात, मग त्याला बोलायला शिकवतात. दहापैकी नऊ वेळा तो पद सुरू होण्याआधी दोन वाक्यं अंग चोरून उभा राहतो आणि प्रेक्षकाला कळतं की आता गाणं येणार. अभिषेकींच्या पदांना दीड सप्तकाचा स्वच्छ गळा, शब्दांचे पक्के उच्चार आणि सूर न सोडता चालता येणं एवढं पुरतं. तीन मिनिटांत बारा प्रकारच्या ताना घेणारा माणूस लागत नाही. निवडीच्या दिवशी उमेदवाराला आधी पदाच्या अगोदरचा संवाद म्हणायला लावा, थेट त्यातूनच पदात शिरायला सांगा, मध्ये तंबोरा लावायला वेळ देऊ नका. कोण नट आहे ते तिथेच कळतं.

पट्टी, म्हणजे पेटीच्या कुठल्या सुरावर गायकाचा सा धरायचा ते, पहिल्या आठवड्यात ठरवा आणि नंतर हलवू नका. पुरुष काळी एक किंवा पांढरी दोन, बायका काळी चार, काळी पाच अशा असतात. रेकॉर्डवर मूळ गायकाची पट्टी आहे म्हणून तीच धरण्याचा हट्ट करू नये. तार सप्तकातला जो सर्वांत वरचा स्वर पदात आहे तो प्रयोगाच्या तिसऱ्या अंकात, घामाने भिजलेल्या पोशाखात, सहज लागेल अशी पट्टी घ्या. घरी बसून जी पट्टी आरामात लागते त्यापेक्षा अर्धा स्वर खाली, हा अंदाज सहसा चुकत नाही.

तबल्याचा हिशोब इथेच करून टाका. नायक काळी एकचा आणि नायिका काळी चारची असेल तर काळी एकचा एकच दायाँ (उजव्या हाताचा तबला) दोघांना चालू शकतो, कारण काळी चारचा मध्यम म्हणजे काळी एक. पण पदात शुद्ध मध्यम असेल तरच. नसेल तर पंचमाचा, म्हणजे काळी दोनचा, दुसरा दायाँ लागेल. काळी पाचची गायिका असेल तर तिचा मध्यम काळी दोन. म्हणजे काळी एक आणि काळी दोन असे दोन दायाँ, एक डग्गा, आणि पुडी (तोंडावरचं कातडं) चढवलेला एक जास्तीचा दायाँ विंगेत तयार. प्रयोगात पुडी फाटली तर वादी ओढत बसायला वेळ नसतो. नाशिकच्या थंडीत, डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या हवेत, कातडं आवळतं आणि तबला चढतो, पावसाळ्यात उतरतो. वातानुकूलित नाट्यगृहात तर बाहेर लावलेला तबला आत आणल्यावर अर्ध्या तासात सरकतो. म्हणून तबला प्रयोगाआधी चाळीस मिनिटं रंगमंचावर आणून ठेवायचा, मग गठ्ठ्यांवर हातोडी मारायची. आणि लावायचा तो ऑर्गनच्या सुराला.

ऑर्गनबद्दल जरा जास्त लिहितो, कारण तो या नाटकांचा कणा आहे आणि गावातले बरेच ऑर्गन कुणाच्या तरी वाड्याच्या माडीवर झाकून पडलेले आहेत. हार्मोनियममध्ये भाता हवा ढकलतो. ऑर्गनमध्ये पायाने चालवलेला भाता हवा ओढून घेतो आणि बाहेरची हवा पितळी पट्ट्यांतून आत येते. त्यामुळे सूर सौम्य, लांब आणि गळ्याच्या जवळचा लागतो. पण त्याच कारणाने हवेबरोबर धूळही आत ओढली जाते. पट्टी मुकी झाली तर शंभरातल्या नव्वद वेळा तिच्या जिभेखाली कचरा असतो. आकड्याने पट्टी बाहेर ओढा, मऊ ब्रशने झाडा, परत सरकवा. सुईने किंवा पातीने खरवडू नका. जिभेच्या टोकाचं पितळ निघालं तर सूर चढतो, बुडाशी निघालं तर उतरतो, आणि ते परत येत नाही. एखादा सूर आपोआप वाजत राहिला तर झडपेखाली कण अडकला आहे किंवा लाकूड फुगून बोटाखालची पट्टी अडकली आहे. पायाचा जोर लावूनही आवाज दमला तर भात्याचं कापड किंवा कातडं फाटलं आहे. चिकटपट्टीने एक प्रयोग निघतो, दुसरा निघत नाही. नमदा आणि कातडं उंदरांना प्रिय, तेव्हा खालची फळी काढून आधी तेच बघा.

जुने ऑर्गन आजच्या मापापेक्षा किंचित चढे किंवा उतरते असतात. बासरी तेवढी हलत नाही, व्हायोलिन हलतं, इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्यालाही बारीक फिरकी असते. म्हणून सगळ्यांनी ऑर्गनला मिळवून घ्यायचं. ऑर्गन शोधताना सूर मोजायचं यंत्र बरोबर न्या, आणि फार तफावत असेल तर त्या नाटकात बासरी ठेवूच नका. गुडघ्याने ढकलायची पट्टी आवाज वाढवते. ती संवादाखाली बंद ठेवायची आणि पदाचा मुखडा आला की हळूहळू उघडायची. चारुकेशीचा कोमल धैवत ऑर्गनवर ठरावीक जागीच आहे, गायक मात्र तो पंचमावरून घासत घेतो. तिथे ऑर्गनवाल्याने धैवत दाबून धरला तर गायक बेसूर वाटतो, चूक त्याची नसतानाही. अशा जागी षड्ज-पंचम धरून मागे राहणं हीच साथ.

ऑर्गन मिळालाच नाही तर पायपेटी चालेल, चांगली हार्मोनियमही चालेल. मोबाइलवरचे तयार ट्रॅक चालणार नाहीत. ट्रॅकची लय ठरलेली असते. नट एका प्रवेशात रडत आला, दोन श्वास जास्त घेतले की तो ट्रॅकच्या मागे पळायला लागतो आणि प्रवेश तिथेच संपतो. अभिषेकींचं पद संवादातून उगवतं. शेवटच्या दोन वाक्यांखाली ऑर्गनवाल्याने हलका षड्ज सोडायचा, नटाने त्याच्या आसपासच्या सुरात वाक्य संपवायचं, आणि मुखडा त्या वाक्याचाच पुढचा शब्द असल्यासारखा यायचा. हे ट्रॅकवर होत नाही. साथीदार नटाच्या ओठांकडे बघू शकतील असे, समोरच्या खड्ड्यात किंवा रंगमंचाच्या पुढच्या कोपऱ्यात बसवा. विंगेत बसवलेल्या तबलजीला नटाची पाठ दिसते, आणि पाठीवरून सम कळत नाही.

चाली शिकताना रेकॉर्ड ऐका, पण तेवढ्यावर थांबू नका. रेकॉर्डवर वेळेच्या मर्यादेने अंतरे गळलेले असतात, आणि गायकाच्या आयत्या वेळच्या हरकती चालीचाच भाग आहेत असं वाटायला लागतं. तीन वेगवेगळी ध्वनिमुद्रणं ऐकून जे तिन्हीत समान आहे तेवढंच स्वरलिपीत लिहा, ती चाल. बाकीची सजावट. स्वरलिपी घरोघर नेणाऱ्या विष्णु दिगंबर पलुस्करांचा आश्रम आपल्या पंचवटीतच होता, तेव्हा निदान नाशिकच्या विद्यालयांनी हे काम कंटाळवाणं मानू नये.

प्रत्येक पदासाठी एक पान करा. वर आधीच्या संवादाचे शेवटचे चार शब्द. खाली पट्टी, ताल, मुखड्याआधी किती आवर्तनं, कुठे आलापाला मोकळीक आणि किती मात्रांची, कुठला अंतरा पात्राने चालत म्हणायचा, पद संपल्यावर पहिलं वाक्य कुणाचं. आणि शेवटी मिनिटं, सेकंदांसह. ही शेवटची नोंद कुणी करत नाही आणि तिथेच प्रयोग घसरतो. समजा नाटकात वीस पदं आहेत आणि गायकांनी उत्साहाने प्रत्येकात तीन मिनिटं वाढवली, तर तासभर वाढला. मग नाट्यगृहाची वेळ संपते म्हणून तिसऱ्या अंकात संवाद कापतात. म्हणजे शेवटी गाण्याने नाटक खाल्लंच. पद नाटकाच्या मापाने संपवायचं आणि वन्समोअर मागितला तर नटाने पात्रातच राहून पुढचं वाक्य बोलायचं. प्रेक्षक एका प्रयोगात शिकतात.

तालमींना आमच्या हिशोबाने बारा आठवडे लागतात. पहिले तीन आठवडे संपूर्ण नाटक गद्यात वाचा; पदंसुद्धा बोलून, अर्थ लावत. ‘हे सुरांनो’ नंतर छोटा विसावा, ‘चंद्र व्हा’ एका श्वासात, हे बोलताना पक्कं झालं की गाताना तुटत नाही. चौथ्या आठवड्यापासून पदं, नुसत्या तंबोऱ्यावर. सातव्यापासून ऑर्गन-तबला आणि हालचाल एकत्र. दहाव्यापासून पोशाख. पौराणिक नाटकात हा भाग हलका समजू नका : मुकुट कपाळावर आवळला की वरचे स्वर लागत नाहीत, आणि कंबरपट्टा घट्ट असला की श्वास पोटातून घेता येत नाही. तो दोन बोटं सैल बांधायचा.

ध्वनियोजनेसाठी एवढंच. कॉलरचा माइक पौराणिक वेशात लावू नये. उपरणं आणि माळा त्यावर घासतात आणि पहिल्या रांगेला नुसती खरखर ऐकू जाते. कानावरून येणारा माइक, तोंडाच्या कोपऱ्यापासून दोन बोटं लांब, म्हणजे ‘भ’, ‘फ’ फुटत नाहीत. प्रत्येक मध्यंतराला सेल बदला, उरले असले तरी. नटासमोरच्या स्पीकरमध्ये फक्त ऑर्गन सोडा, तबला अगदी थोडा. स्वतःचा आवाज मोठा सोडला की शिट्टी वाजते आणि नट घशाने गायला लागतो. प. सा. नाट्यगृह किंवा विशाखा सभागृहासारख्या लहान जागेत प्रयोग असेल तर आधी एकदा माइकशिवाय करून बघा. शब्द शेवटच्या रांगेपर्यंत गेले तर माइक बंदच ठेवा. कालिदास कलामंदिराच्या मापाच्या सभागृहात ते जमणार नाही.

एखाद्या संस्थेला दोन पूर्ण नाटकं जड वाटत असतील तर ‘लेकुरे उदंड जाली’ने सुरुवात करावी. त्यात गाणं बोलण्याच्या इतक्या जवळ आहे की श्रीकांत मोघ्यांच्या भूमिकेची आठवण आजही अभिनयासाठी निघते. पदं म्हणणारे नट तिथे तयार होतील आणि तेच पुढच्या वर्षी ‘मत्स्यगंधा’त उभे राहतील. महाविद्यालयांना तर हेच सोयीचं. संगीत विद्यालयांना आमचं सांगणं वेगळं आहे : परीक्षेसाठी किंवा स्नेहसंमेलनासाठी नाट्यपद शिकवताना विद्यार्थ्याला आधी तो प्रवेश वाचायला द्या. कोण, कुणाला, कशानंतर हे म्हणतं आहे, हे सांगता आल्याशिवाय चाल शिकवू नका. याला जास्तीचा अर्धा तास लागतो.

आम्ही, म्हणजे या गावात ऑर्गन, तबला आणि गायनाची साथ-शिकवण करणारी मंडळी, दोन्ही नाटकांची पदवार पानं लिहून द्यायला, पट्ट्या ठरवायला आणि कुणाकडे पडून असलेला ऑर्गन उघडून दुरुस्त होण्यासारखा आहे का ते बघायला तयार आहोत. संस्थांनी आपसांत ठरवून एकानं ‘मत्स्यगंधा’ आणि एकानं ‘ययाति’ घ्यावं. दोघांनी एकच घेतलं तर गाणारे आणि साथीदार वाटले जातील आणि दोन्ही अर्धवट होतील. ज्यांच्या घरी जुना ऑर्गन आहे त्यांनी तो विकण्याआधी एकदा कळवावं. तोवर मे महिन्यात कोरड्या दिवशी झाकण आणि खालची फळी काढून दोन दिवस हवा लागू द्यावी, ऊन नाही. आणि पावसाळ्यात आत कापराच्या वड्या ठेवाव्यात.

आपले,
नाशिकमधले संगतकार आणि संगीत शिक्षक